१९८१ ची कास्ट आयर्न बुलेट: इंजिन ऑइल कोणतं घालावं?

मंदार_वाई

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

मामांची १९८१ ची बुलेट ३५० माझ्याकडे आली आहे. तीच ती जुनी: बिडाचा बोअर, उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक, ठिणगीसाठी कॉन्टॅक्ट पॉइंट. काही वर्षं गोठ्याशेजारच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन जाम नाही, डिकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबला की किक फिरते. कार्ब्युरेटर साफ केलाय, पॉइंटचा गॅप लावलाय. पण अजून सुरू केलेली नाही, ऑइलवर घोडं अडलंय.

तीन गॅरेजांत विचारलं, तीन उत्तरं मिळाली. पहिला म्हणाला, साधं बाइकचं वीस-चाळीस (२०डब्ल्यू-४०) टाका. दुसरा म्हणाला, ट्रकचं डिझेल ऑइल, पंधरा-चाळीस, बाकी सगळं थोतांड. तिसऱ्याने फुल सिंथेटिकचा डबाच पुढे ठेवला. किंमत ऐकून मी चहा पिऊन परत आलो.

डिपस्टिक कोरडी ठाक आहे, टोकाला फक्त एक काळा थेंब. किती लिटर घालू आणि कोणतं? गाडी शोसाठी नको आहे. रविवारी पाचगणी-मेढा आणि कधीतरी कासला जायचं, एवढंच.

टपेट_कोल्हापूर

मंदार, डबा आधी खाली ठेव. ग्रेडचं नंतर बघू. वरून थेंबभरही ओतू नकोस आणि इग्निशन चालू ठेवून किकही मारू नकोस.

या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्या कास्टिंगमध्येच मागच्या बाजूला आहे, पण क्रँक फिरतो ती खोली वेगळी. टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप. एक टाकीतलं तेल फिल्टरमधून क्रँककडे ढकलतो, दुसरा खाली साचलेलं तेल ओढून परत टाकीत आणतो. परतीचा पंप मुद्दाम मोठा ठेवलाय, म्हणजे क्रँकखाली तेल साठू नये. हे सगळं गाडी चालू असताना. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकीतलं तेल पंपाच्या चकतीच्या फटीतून गुपचूप क्रँकच्या खोलीत उतरतं. चकती झिजलेली असेल तर आठवडाभरातच. याला वेट संपिंग म्हणतात.

म्हणजे तुझी डिपस्टिक कोरडी आहे याचा अर्थ तेल संपलंय असा नाही. ते बहुतेक खाली, क्रँकच्या पोटात बसलंय. आता तू वरून दोन लिटर ओतलंस आणि किक मारलीस तर परतीचा पंप खालचंही वर आणणार, टाकी तुडुंब भरणार आणि ब्रीदरच्या (हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून सगळं बाहेर. मागचं टायर, सायलेन्सर, तुझी पँट, सगळं माखणार. शिवाय सुरू होताना इतका पांढरा धूर येतो की शेजारी बादली घेऊन धावतात. अशा गाड्या घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "रिंगा गेल्या, बोअर करायला लागतंय." रिंगा शाबूत असतात.

खाली ड्रेन बोल्ट एकापेक्षा जास्त आहेत. टाकीचा वेगळा, क्रँकच्या खोलीचा वेगळा. सगळे उघड, तसराळं लाव, रात्रभर निथळू दे. किती निघालं ते मोजून इथे लिही.

संथ_किक

वरच्या प्रतिसादाला +१. जोडीला एवढंच की चालत्या बुलेटचीही लेव्हल सकाळी थंड गाडीवर बघू नये. पाच-दहा किलोमीटर फिरवून आणायची, बंद करायची, मिनिटभर थांबायचं आणि मग डिपस्टिक. सकाळी बघून रोज पाव लिटर घालणारे आणि "माझी गाडी ऑइल पिते" म्हणणारे आमच्या ग्रुपात कमी नाहीत.

वऱ्हाडी_थंपर

राजेहो, उत्तर सोपं आहे. सिंगल ग्रेड एसएई ५०. आमच्या नागपूरले मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, हवेवर थंड होणारं इंजिन, त्यात सिग्नलले उभं. वीस-पन्नाससारख्या मल्टिग्रेडमध्ये जे दाटपणा धरून ठेवणारं पॉलिमर असते ते काही दिवसांत फाटते आणि तुमचं पन्नासचं तेल चाळीस होऊन बसते. सिंगल ग्रेडमध्ये फाटाले काही नसतेच. आमचे बाबा हेच घालत, गाडी अजून चालू आहे.

मुक्ता_वंगण

वंगणतेलाच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते, त्यामुळे राहवलं नाही.

पॉलिमर फाटतं हे खरंच आहे. पण ते फाटतं कुठे? मुख्यतः गिअरच्या दातांमध्ये. ज्या बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकच तेल वापरतात, तिथे ५० चं ४० लवकर होतं. मंदारच्या बुलेटचा गिअरबॉक्स वेगळा, त्याचं तेल वेगळं. इंजिनातल्या तेलाच्या वाट्याला येतात फक्त टायमिंगचे गिअर, आणि त्यांच्यावर भार असा फारसा नसतो. त्यामुळे मल्टिग्रेडविरुद्धचा तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा नेमका याच गाडीला कमी लागू पडतो.

आता आकड्यांबद्दल. वीस-पन्नासमधला ५० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट. ५० ग्रेडसाठी १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक), ४० साठी १२.५ ते १६.३. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. २०डब्ल्यूची क्रँकिंगची चाचणी उणे १५ अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की वर्तमानपत्रात फोटो येतो, इतकी आपली थंडी. त्यामुळे १५ की २० यावर डोकं शिणवू नका, दुसरा आकडा बघा.

आणि सिंगल ग्रेड ५०? इंजिन त्याने बिघडणार नाही. पण डिसेंबरात वाईच्या पहाटे ते वीस-पन्नासपेक्षा बरंच घट्ट असतं आणि वर हेडमधल्या रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागापर्यंत) पोचायला वेळ घेतं. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांच्या पुस्तिकांत उन्हाळ्याला एक आणि हिवाळ्याला एक ग्रेड सांगितलेली असायची ती त्यामुळेच.

वऱ्हाडी_थंपर

ताई, गिअरबॉक्सचा मुद्दा मान्य. पण ५० वरून मी हलणार नाही.

मुक्ता_वंगण

हलूच नका. ५० हाच आकडा बरोबर आहे, वाद फक्त त्याच्या आधी काय हवं एवढाच आहे. :)

टपेट_कोल्हापूर

५० का, ते मी सांगतो. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला, बिग एंडला, बऱ्याच जुन्या गाड्यांत रोलर असतात. बुलेटमध्ये तिथे फ्लोटिंग बुश आहे. बुश रॉडमध्येही सुटा आणि क्रँकपिनवरही सुटा, दोन्हीकडे तेलाचा थर, मध्ये तो तरंगत फिरतो. रोलर थोड्या तेलावरही दिवस काढतो, बुशचं तसं नाही. तेल पातळ झालं किंवा कमी पोचलं की थर तुटतो, आणि मग जो ठोका येतो तो टपेटचा नसतो. चाळीस वर्षं वापरलेल्या बुशात फट थोडी वाढलेलीच असणार, म्हणून गरम झाल्यावरही अंग धरून राहणारं तेल हवं. वीस-चाळीसने गाडी चालते, चालवणारे शेकड्याने आहेत. पण उन्हाळ्यात पसरणीचा घाट दुसऱ्या गिअरवर चढून वर थांबलास की आयडलला आवाज ऐक, मग वीस-पन्नास घालून परत ऐक.

रोलरचं किट टाकून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. मामांना विचार, इंजिन कधी उघडलं होतं का.

आणि तेलाच्या ग्रेडइतकंच महत्त्वाचं: टायमिंग कव्हरमधलं कॉर्क सील. पंपाचं तेल याच्यातून क्रँकच्या टोकात शिरतं. कॉर्क सुकून आखडला असेल तर तेल बिग एंडला न जाता बाजूनेच गळून खाली पडतं. बाहेर थेंब दिसत नाही, डिपस्टिक बरोबर, आणि आत बुश उपाशी. कव्हर उघडलंस की कॉर्क नवा घालायचाच. पाच-पन्नास रुपयांची वस्तू, तिच्यापायी लोकांचे क्रँक गेलेत.

डिझेलभाई

मग डिझेल ऑइलला काय वाईट आहे? माझ्या गाडीत कायम ट्रकचं पंधरा-चाळीस असतं, कुठल्याही पंपावर मिळतं, स्वस्त आहे. आणि हल्लीच्या तेलातून झिंक काढून टाकलंय, जुन्या कॅमला ते लागतं, डिझेलच्या तेलात ते अजून आहे असं वाचलंय.

मुक्ता_वंगण

झिंकची गोष्ट अर्धी खरी आहे. झिंक-फॉस्फरसचं ते ॲडिटिव्ह कॅम आणि टपेटच्या तळव्यामध्ये धातू धातूला घासू नये म्हणून असतं. बुलेटचे टपेट सपाट तळव्याचे, रोलरवाले नाहीत, त्यामुळे त्याची गरज आहेच. फॉस्फरसमुळे गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतात म्हणून त्यावर मर्यादा आली. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसएम, एसएन या दर्जांत ती ०.०८ टक्के आहे. पण ती मर्यादा पातळ ग्रेडना आहे: ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० वगैरे. वीस-पन्नासला ती लागूच नाही. शिवाय डब्यावर जासो एमए असेल तर बाइकच्या तेलाच्या त्या जपानी मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्क्यांच्या मध्ये असावाच लागतो. म्हणजे दुकानातलं साधं बाइकचं वीस-पन्नास घेतलं तरी कॅमची सोय झाली. वरून झिंकच्या बाटल्या विकत घेऊन ओतू नका, जास्त झालं तर फायदा नाहीच.

डिझेल ऑइल (सीआय-४ दर्जाचं) या इंजिनाला मारक नाही. त्यात डिटर्जंट जास्त असतो. मात्र ते ४० आहे.

संथ_किक

डिझेल ऑइलने क्लच घसरतो ना पण?

टपेट_कोल्हापूर

या बुलेटमध्ये नाही घसरत, कारण इंजिनाचं तेल क्लचला शिवतच नाही. क्लच डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये (इंजिन ते क्लच साखळीच्या डब्यात), त्याचं तेल वेगळं. २००८-०९ नंतरच्या यूसीई या नव्या इंजिनात सगळं एकत्र आहे, तिथे जासो एमए बघून घ्यावंच लागतं. नव्या बुलेटचा सल्ला जुनीला आणि जुनीचा नवीला, यातून निम्मे गोंधळ होतात.

डिटर्जंटचं मात्र ध्यानात ठेवायला हवं. मंदारच्या इंजिनात वर्षानुवर्षांचा काळा चिखल तळाला बसलेला असणार. त्यावर जास्त डिटर्जंटचं तेल घालून लांब पल्ला मारला की तो सुटतो आणि फिल्टरात जातो, फिल्टर तुंबला की पुढचं सांगायला नको. पण हीच गोष्ट कामाला लावता येते. मी अशा उभ्या गाडीला पहिली भरती स्वस्त डिझेल ऑइलचीच करतो. हळू चालवायची, दोन-तीनशे किलोमीटर, मग गरम असतानाच काढायचं, फिल्टर बदलायचा, आणि त्यानंतर खरं वीस-पन्नास.

आणि हो, इंजिनात डिझेल किंवा रॉकेल ओतून "धुवायला" कोणी सांगितलं तर तिथून गाडी ढकलत घरी ने. पाइपांत, क्रँकपिनच्या भोकात ते राहतं आणि पहिल्या किकला बुशला तेलाऐवजी रॉकेल मिळतं.

गोंयकार_४स्पीड

मंदारबाब, चेनकेस आणि गिअरबॉक्सबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

चेनकेसमध्ये पातळ तेल. लेव्हल स्क्रूपर्यंत, त्याच्यावर नाही. जाड घातलं की क्लच पूर्ण सुटत नाही, न्यूट्रल सापडता सापडत नाही आणि माणूस गिअरबॉक्सला शिव्या देतो. मी जासो एमएचं वीस-चाळीस घालतो. काही जण एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) घालतात, तेही चालतं. कव्हर एकाच मधल्या नटावर आहे. गळती दिसली म्हणून तो नट आवळत बसू नका, कव्हर वाकतं. रबर बदला.

चार गिअरच्या त्या जुन्या अल्बियन गिअरबॉक्सला बंदिस्त म्हणणं धाडसाचंच. निव्वळ ९० नंबरचं गिअर ऑइल घातलं तर सकाळी फरशीवर नकाशा. म्हणून जुने मिस्त्री त्यात पातळ ग्रीस आणि ९० असं मिश्रण घालत आलेत, मीही तेच करतो. ९० घेताना डब्यावर जीएल-४ हा दर्जा बघा. जीएल-५ मधल्या जास्तीच्या गंधकाने पितळ-ब्राँझचे बुश खराब होऊ शकतात आणि आत बुश आहेत.

पावसाळ्याचं एक. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली, आणि गाडी बाजारापर्यंत जाऊन परत. एवढ्याने तेल धड तापत नाही, आत जमलेली वाफ उडत नाही. झाकणाखाली साय धरल्यासारखा पांढरट लगदा दिसतो. ग्रेड बदलून तो जात नाही, गाडी पणजी-मडगाव फिरवून आणली की जातो.

येझदी_सांगली

अवांतर आहे, पण विचारतो. माझ्याकडे येझदी २५० आहे, टू-स्ट्रोक. हेच वीस-पन्नास पेट्रोलमध्ये मिसळलं तर?

टपेट_कोल्हापूर

नको. फोर स्ट्रोकचं तेल जळण्यासाठी बनवलेलं नसतं, राख सोडतं, प्लग आणि सायलेन्सर दोन्ही धरतात. टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल) घे, जासो एफसी दर्जाचं, लिटरला ४० मिली म्हणजे १:२५. गिअरबॉक्समध्ये तुझा क्लच त्याच तेलात बुडालेला आहे, तिथे साधं जासो एमए वीस-चाळीस. याहून जास्त हवं असेल तर वेगळा धागा काढ, येझदीवाले आले की बुलेट बाजूला राहते.

रेडिचवाला

इंग्लंडमधून हजेरी. रेडिचपासून गाडीने अर्ध्या तासावर राहतो, जिथे या गाडीचा मूळ कारखाना होता. १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली आणि मग तिथलीच होऊन गेली. माझी बुलेट भारतातच बनलेली, इथे आणलेली.

इकडे जुन्या गाड्यांसाठी म्हणून खास डब्यात वीस-पन्नास मिळतं. डबा देखणा, जुन्या वळणाची अक्षरं, किंमतही तशीच. क्लबातले म्हातारबुवा तेच घेतात, पण वर्षाला बदलतात, हे महत्त्वाचं. गाडी दोनशे किलोमीटरच चालली असली तरी हिवाळ्याआधी तेल काढून नवं घालून मग झाकून ठेवतात. वापरलेल्या तेलात ज्वलनातलं आम्ल आणि पाणी असतं, तेच घेऊन गाडी पाच महिने उभी राहिली तर बेअरिंगला गंज धरतो.

अजून एक मौज. इथे एकाने रेसिंगच्या वासाच्या हौसेपायी एरंडेलावर बनवलेलं तेल मागवलं आणि साध्या खनिज तेलावरच ओतलं. दोन्ही मिसळत नाहीत, आत चिकट गोळे झाले. वास छान येत होता म्हणे.

डिझेलभाई

सिंथेटिकचं कोणी बोललंच नाही.

मुक्ता_वंगण

चालतं, गरज नाही. दोन हजार किलोमीटरला किंवा वर्षाला तेल बदलणार असाल तर सिंथेटिकचं दीर्घायुष्य वायाच जातं. "सिंथेटिक घातलं की गळायला लागतं" ही तक्रार बहुतेकदा अशी असते की जुन्या मळाने बुजलेली फट साफ झाली. गळती आधीपासून होती.

ब्रँडवरून भांडू नका. सर्वो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ, मोटूल, कुणाचंही घ्या, पण पेट्रोल पंपावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून. झाकणाचं सील बघा आणि रिकामा डबा भोक पाडून टाका. बनावट तेल भरणाऱ्यांना रिकामे डबेच हवे असतात.

मंदार_वाई

सगळ्यांचे आभार. टपेटदादा, तुमचं निदान तंतोतंत निघालं. टाकीच्या बोल्टातून जेमतेम कपभर आलं आणि क्रँकच्या बोल्टातून दीड लिटरच्या वर. डांबरासारखं काळं, पेट्रोलचा वास मारतंय, पण बोटावर घासून बघितलं तर चकचकीत कण नाहीत. मामा म्हणतात इंजिन एकदाही उघडलेलं नाही, म्हणजे फ्लोटिंग बुशच.

फेल्टचा फिल्टर काढला तर हातात त्याचे तुकडे आले. नवा आणलाय, कॉर्क सीलही. पहिली भरती डिझेल ऑइलची करतो. किती घालू, आणि पंपात हवा अडकली असेल तर कळणार कसं?

जळकं ऑइल मामांनी आधीच ताब्यात घेतलंय, गोठ्याच्या वाशांना वाळवीसाठी.

टपेट_कोल्हापूर

कण नाहीत ही सगळ्यात चांगली बातमी. पेट्रोलचा वास येतोय म्हणजे कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल आत उतरलंय, फ्लोटची सुई बघ. नाहीतर नवं तेलही पातळ होईल आणि आपण इथे ग्रेडवर चर्चा करत बसू.

दोन लिटर आणून ठेव. आधी फिल्टरच्या खोलीत बसेल तितकं तेल हातानेच भर, मग कव्हर लाव. ड्रेन बोल्टचे तांब्याचे वॉशर गॅसवर लाल करून पाण्यात टाक, मऊ होतात आणि पुन्हा बसतात. बोल्ट आवळताना हात आवर, केस ॲल्युमिनियमची आहे. टाकीत डिपस्टिकच्या खुणांच्या मध्यापर्यंत भर, वरच्या खुणेपर्यंत नको.

प्लग काढून, डिकॉम्प दाबून भरपूर किका मार, घाम येईपर्यंत. मग प्लग लाव, सुरू कर, आयडलला ठेव आणि हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा बांजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) पाव आटा सैल कर. तेल पाझरलं की पंप ओढतोय. मिनिटभरात काहीच दिसलं नाही तर लगेच बंद, "अजून थोडं बघू" करायचं नाही. पाझरलं तर बोल्ट आवळ, पाच मिनिटं चालव, बंद करून लेव्हल बघ आणि कमी असेल तेवढंच घाल.

मंदार_वाई

सुरू झाली! सुई घासलेली होती, बदलली. किकांची गिनती मामांनी केली, मला विचारू नका. धूर आला थोडा, मग विरला. बांजोतून तेल आलं, आधी बुडबुडे, मग सलग. लेव्हल मध्याच्या जरा खाली होती, भरली. उद्या मेणवलीपर्यंत नेऊन आणतो.

आता चेनकेसचं तेल काढायला घेतलं तर तो मधला नट हलायलाच तयार नाही. पाना घसरतोय.

गोंयकार_४स्पीड

आधी कोणी तरी गळतीसाठी आवळलेला दिसतोय. नटाभोवती गंजाचं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी बरोबर मापाचा बॉक्स पाना लावा. छिन्नी-हातोडा नको.

टपेट_कोल्हापूर

आणि त्यासाठी नवा धागा काढ. शीर्षकात "चेनकेस" लिही, शोधणाऱ्याला सापडेल.